मतपत्रिकेवर एकच नाव दोनदा?

क्वीन्स, न्यूयॉर्कहून

नमस्कार मंडळी,
नागरिकत्व मिळाल्यावर आम्हा दोघांचं हे पहिलंच मतदान. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या नमुना मतपत्रिकेवर हॅरिस यांचं नाव डेमोक्रॅटिकच्या रांगेत आहे आणि खाली वर्किंग फॅमिलीज या छोट्या पक्षाच्या रांगेत पुन्हा आहे. ट्रम्प यांचंही तसंच, रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. खालच्या रांगेत खूण केली तर मत बाद होतं का? आणि ग्रीन, लिबर्टेरियन हे पक्ष कुठे गेले?

उत्तर: लाँग आयलंडहून

बाद होत नाही, निर्धास्त राहा. कोणाला मत द्यावं ही चर्चा मंडळाच्या यादीवर नको, पण पद्धत सांगतो.

याला इथे फ्यूजन म्हणतात. एका उमेदवाराला एकाहून जास्त पक्ष उभं करू शकतात. प्रत्येक रांगेतली मतं वेगळी मोजतात आणि शेवटी बेरीज होते. दोन्हीकडे गोल भरलेत तरी मत एकच, ते वरच्या रांगेच्या खात्यात जातं. म्हणजे उमेदवार तोच ठेवून, तो कोणाच्या बळावर निवडून आला हे मतदार सांगू शकतो. छोट्या पक्षाचं वजन इथूनच येतं. १९६० मध्ये केनेडींनी न्यूयॉर्क जिंकलं ते सुमारे ३ लाख ८४ हजारांच्या फरकाने, आणि लिबरल पक्षाच्या रांगेत त्यांना ४ लाखांहून जास्त मतं होती. १९९४ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पटाकींची नुसती रिपब्लिकन मतं डेमोक्रॅटिक मारिओ क्युओमोंपेक्षा कमी भरत होती; कॉन्झर्व्हेटिव्ह रांगेने त्यांना गव्हर्नर केलं. अशा पक्षाचा फोन कोणता गव्हर्नर टाळेल?

ग्रीन, लिबर्टेरियन वेगळ्या जातीचे. ते विचारासाठी स्वतःचाच उमेदवार उभा करतात. २०२० पासून इथे मतपत्रिकेवर पक्षाची जागा टिकवायला दर दोन वर्षांनी १,३०,००० किंवा २ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा तेवढी मतं लागतात. पूर्वी चार वर्षांतून एकदा ५०,००० पुरत. त्यात हे दोघे गळाले. मला हा नियम अन्यायाचा वाटतो.

उत्तर: एडिसन, न्यू जर्सीहून

काका, छान सांगितलंत. पण नदीच्या अलीकडे आम्हाला ही सोय नाही. न्यू जर्सीत फ्यूजनला बंदी आहे आणि अशी बंदी राज्यं घालू शकतात, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलंय. मग आमच्याकडे छोटा पक्ष म्हणजे निव्वळ मतविभागणी. २००० मध्ये फ्लोरिडात बुश डेमोक्रॅटिक गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले आणि ग्रीनच्या नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना १९९२ मध्ये देशभर जवळजवळ १९ टक्के मतं पडली, पण इलेक्टोरल मत (राज्यवार मिळणारं, अध्यक्ष ठरवणारं मत) एकही नाही.

उत्तर: लाँग आयलंडहून

ताई, विभागणी होते हे खरंच. पण पॉप्युलिस्ट पक्ष बघा. शेतकऱ्यांचा पक्ष. १८९२ च्या ओमाहा अधिवेशनात त्यांनी चढता आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक मागितली. १८९६ मध्ये डेमोक्रॅट्सचेच अध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन यांना पाठिंबा दिला आणि पुढे पक्ष विरून गेला. १९१३ मध्ये मात्र आयकर आणि थेट निवडणूक दोन्ही घटनादुरुस्तीने आले. आणि फ्यूजनवरच्या बंद्या पसरल्या त्याच सुमारास, कारण असे पक्ष एकत्र आले की प्रस्थापितांना जड जात होतं.

न्यू जर्सीकरांनी आपापल्या असेंब्ली सदस्याला ही बंदी अजून का ठेवलीय, हे जरूर विचारावं. पक्ष कुठलाही असो.