शब्दचर्चा : ‘जनुक संपादित’ म्हणजे नेमकं काय केलेलं?

पशुपालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मजकूर मराठीत करत होते. त्यात वाक्य होतं, ‘अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये जनुक संपादित डुकरांना मान्यता दिली.’ इंग्रजीतल्या ‘जीन एडिटेड’ला ‘जनुक संपादित’ लिहिताना मला त्यात काहीच खटकलं नाही. सकाळी दूध घालायला काका आले, ते हिंगण्याकडून येतात. त्यांना वाचून दाखवलं, कारण पत्रक त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. दुधाची कॅन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “संपादित म्हणजे सरकारनं घेतली का जी डुकरं?”

काकांची तीन एकर जमीन भूसंपादनात गेली. मोबदल्याच्या कागदावर त्यांनी हा शब्द इतक्यांदा वाचलाय की त्यांच्या लेखी त्याचा दुसरा अर्थच उरलेला नाही. आणि चूक त्यांची नाही. संपादन म्हणजे मुळात मिळवणं. आपण विश्वास संपादन करतो, ज्ञान संपादन करतो. मजकुरावर हात फिरवणारा संपादक छापखान्यांच्या काळात आला. त्यामुळे ‘जनुक संपादित डुक्कर’ हे मराठी कानाला ‘कुठून तरी जनुक मिळवलेलं डुक्कर’ असं ऐकू येतं.

घडलंय नेमकं उलटं. पीआरआरएस नावाचा डुकरांचा रोग आहे. त्यात गाभण माद्या गाभडतात आणि पिल्लांना श्वास घेणं जड जातं. त्याच्या विषाणूला पेशीत शिरायला सीडी१६३ या प्रथिनाचा एक ठरावीक भाग लागतो. शास्त्रज्ञांनी डुकराच्या त्या जनुकातला तेवढाच तुकडा काढून टाकला. दुसऱ्या प्राण्याचं त्यात काही घातलेलं नाही.

अमेरिकेतच २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या सॅमन माशाची गोष्ट वेगळी. त्यात चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅमनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलं होतं. विरोधकांनी त्याला, कादंबरीतल्या फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसावरून, ‘फ्रँकनफिश’ म्हटलं आणि तिथल्या कितीतरी मोठ्या दुकानांनी तो विकणार नाही असं जाहीर केलं. एकात बाहेरचं आणून घातलं, एकातून होतं ते काढलं. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘जनुकीय बदल केलेले’ म्हणतात. खाणाऱ्यानं मग ठरवायचं तरी कशावरून?

विदर्भात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला कापूस आला आणि बीटी हा घराघरातला शब्द झाला. बीटी वांग्यावर सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक जानेवारी २०१० मध्ये नागपुरातच होती. ९ फेब्रुवारीला वांग्याला स्थगिती मिळाली. ते वांगं बाजारात कधी आलंच नाही, तरी माझी आई भरताची वांगी हातात घेऊन, देठ उलटून पाहत भाजीवाल्याला विचारायची, “बीटीचं तर नाही नं?” तिला धोका काय ते सांगता आलं नसतं, पण विचारायला शब्द तिच्यापाशी होता. कापसाचं असं बियाणं परवानगीशिवाय आलं, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला ‘चोर बीटी’ म्हटलं. किती नेमकं नाव! ते कुठल्या समितीनं घडवलेलं नाही.

डुकरांसाठी ‘संपादित’ऐवजी मला ‘जनुक छाटणी’ हा शब्द सुचतो. ‘जनुक दुरुस्ती’ नको, त्यात आधी काही बिघडलं होतं असं गृहीत धरल्यासारखं होतं. ‘सुधारित’ तर नकोच, तो जाहिरातीचा शब्द आहे. छाटणीत कौतुक नाही, भीतीही नाही.

प्रतिसाद (काटोलहून)

ताई, आमची संत्र्याची बाग आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं. छाटणी आम्ही दरवर्षी करतो आणि छाटलेली फांदी पुन्हा फुटते. तुम्ही सांगता ती डुकरं तशी आहेत का? तुकडा गेला तो पिल्लांमध्येही गेलेलाच राहणार ना? मग छाटणी म्हणणं म्हणजे गोष्ट आहे त्यापेक्षा हलकी करून सांगणं झालं. म्हण आहे ना, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. शेजारानं लागतो तो गुण आणि जन्मानं येतो तो वाण. इथे वाणालाच हात लावलाय.

माझं उत्तर

दादा, तुमचं म्हणणं पटलं. म्हणीतला ‘वाण’ म्हणजे रंग, पण बियाण्याचा ‘वाण’ही आपण म्हणतोच, आणि तो पिढीजात उतरतो. ‘छाटणी’तून ते येत नाही. मी शब्द मागे घेते.

पण ‘संपादित’ही ठेववत नाही. भाताचंही हेच होणार आहे. मे २०२५ मध्ये आपल्या देशात कमला आणि पुसा डीएसटी राईस १ हे भाताचे जनुक संपादित दोन वाण जाहीर झाले, पूर्व विदर्भ धानाचा पट्टा आहे आणि बातम्यांत तोच शब्द आला. २०२२ मध्ये केंद्रानं, बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना नियमांत जी सूट दिली ती वनस्पतींपुरती आहे, जनावरांना नाही, हेही लोकांना स्वच्छ कळायला हवं.

सध्या एका शब्दाचा हट्ट सोडून पत्रकात पूर्ण वाक्य घातलंय : ‘या डुकरांच्या एका जनुकातला तुकडा काढलेला आहे. बाहेरचं काही घातलेलं नाही. हा बदल पिल्लांतही उतरतो.’ आज सकाळी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आता समजलं. पण मग त्या मटणावर तसं लिहून राहील का?”

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. चौथी ओळ त्यासाठी मोकळी ठेवली आहे.