मदरवेल आणि पोलाद

मदरवेल या स्कॉटलंडमधल्या फुटबॉल क्लबला 'स्टीलमेन', म्हणजे पोलादवाले, का म्हणतात, असा प्रश्न पडतो, म्हणून थोडं सांगतो. हे नाव हौसेनं पडलेलं नाही. ग्लासगोच्या आग्नेयेला असलेलं मदरवेल हे गाव पोलादावर जगलं. 1886 मध्ये ग्लेनकेर्न आणि अल्फा हे कारखान्यांतल्या कामगारांचे दोन संघ एकत्र आले आणि क्लब उभा राहिला. 1931-32 मध्ये त्यानं स्कॉटलंडची लीगही जिंकली.

माझ्या मते या गावाची खरी गोष्ट 18 मे 1991 ची. स्कॉटिश कपच्या फायनलला समोर डंडी युनायटेड. दोन्ही संघांचे मॅनेजर सख्खे भाऊ, टॉमी आणि जिम मॅक्लीन, आणि त्याच आठवड्यात त्यांचे वडील वारले होते. मदरवेलचा गोलकीपर अ‍ॅली मॅक्सवेल प्लीहेला जबर मार लागूनही गोलमध्ये उभा राहिला. जादा वेळेत स्टीव्ह कर्कनं हेडर मारला आणि मदरवेल 4-3 नं जिंकलं. हा सामना मी कितीदा पाहिला असेन, पण मॅक्सवेल पोटाला धरून उभा राहतो तेव्हा अजूनही घसा दाटून येतो.

तेरा महिन्यांतच, जून 1992 मध्ये, गावातला रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना बंद पडला. 1996 मध्ये त्याचे कूलिंग टॉवरही सुरुंग लावून पाडले. गावातलाच डॅल्झेलचा कारखाना मात्र टिकला, आणि 2007 ते 2016 तो आपल्या टाटांकडे होता.

क्लब मात्र गावानं सोडला नाही. 2016 पासून 'वेल सोसायटी' ही चाहत्यांची संस्थाच त्याची मालक आहे.