मंडळीतल्या कुटुंबांना दत्तक आणि फॉस्टर केअरसाठी (मुलाचा काही काळापुरता घरी सांभाळ) पुढे कसं आणावं?

नेरुळ_मंडळी_सचिव
सलाम. आमची मंडळी (चर्च) नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर अशी पसरलेली आहे. पाळकसाहेबांनी एक रविवार अनाथ लेकरांसाठी ठेवायचं ठरवलंय. उपदेश झाल्यावर इच्छुक कुटुंबांची नावं घ्यायची आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, ख्रिस्ती माणसाला कायद्यानं दत्तक घेताच येत नाही, फक्त पालकत्व मिळतं. हे खरं का? बालगृहातल्या मुलांचे फोटो पडद्यावर दाखवले तर चालतील का? आणि मंडळीनं नेमकं काय करायचं, निधी उभारायचा की आणखी काही?

कोपरी_वकील
ज्येष्ठांचं म्हणणं जुन्या काळापुरतं बरोबर आहे. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांनाच लागू. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांच्या हाती 1890 च्या कायद्यातलं पालकत्व उरायचं. ते मूल सज्ञान झालं की संपायचं, आणि वारसाहक्कही मिळायचा नाही. आता बाल न्याय कायदा 2015 खाली कोणत्याही धर्माचं कुटुंब पूर्ण दत्तक घेऊ शकतं. 2014 मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही ही वाट सर्वांना खुली असल्याचं सांगितलं.

फोटो अजिबात दाखवू नका. संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड करणं याच कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यातून सुटत नाही. नाताळच्या भेटीतले सेल्फीसुद्धा नकोत.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. असा रविवार झाला की महिनाभरात कुणीतरी पाळकांकडे येतं, "अमुक दवाखान्यात एका मुलीला बाळ ठेवायचं नाहीये, तुमच्याकडे कुणी चांगलं कुटुंब आहे का?" हेतू कितीही शुद्ध असला तरी परस्पर बाळ देणं-घेणं गुन्हा आहे, कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद. त्या आईला बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) न्या. तिथं समर्पणपत्र (बाळ सोडत असल्याचं लेखी) होतं आणि निर्णय बदलायला तिला 60 दिवस मिळतात. हे दिवस तिचे आहेत, मंडळीनं त्यात घाई करू नये. बेवारस बाळ सापडलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि कायद्यानं 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे.

बालसंरक्षण_ठाणे
वरचं सगळं बरोबर. आता प्रक्रिया.

आधी जिल्हा बघा. नेरुळ, बेलापूर, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. म्हणजे तुमच्या एकाच मंडळीतल्या कुटुंबांना दोन वेगळ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षांशी काम पडेल. रविवारी दोन्हीकडचे अधिकारी बोलवा.

दत्तकाची नोंदणी फक्त 'कारा'च्या (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर होते. मूल ज्येष्ठतेच्या यादीनुसार सुचवलं जातं, त्यामुळे ना पाळकांची शिफारस चालते ना संस्थेची ओळख. लहान, निरोगी बाळासाठी थांबणं तीन वर्षांच्या वर जातं, हे व्यासपीठावरूनच सांगा.

नावं घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. घरात आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर विशेष गरजा असलेली किंवा सहसा ज्यांना घर मिळत नाही अशीच मुलं मिळू शकतात. दुसरं, नवरा-बायकोच्या वयांची बेरीज: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जास्तीत जास्त 85, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100, त्यापुढे 110. बेरीज 88 असेल तर तान्हं बाळ मिळणार नाही. हे आधी कळलं तर निराशा टळते.

आपल्या लोकांची कागदपत्रं अडतात ती नावांपाशी. बाप्तिस्म्याचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि चर्चच्या विवाह नोंदवहीत तिसरंच. घरी येऊन कुटुंबाची पाहणी करून गृहभेट अहवाल लिहिणाऱ्याला ही माणसं एकच आहेत हे कागदावर दिसावं लागतं. नोंदणीआधी ही नावं जुळवून घ्या. मंडळीच्या कार्यालयानं विवाह नोंदीचे उतारे वेळेत काढून दिले तर तीही मोठी सेवा आहे.

निधी जमवलात तर तो मुलाच्या औषधोपचाराला, थेरपीला, प्रवासाला ठेवा. ज्या संस्थेतून तुमच्या कुटुंबाला मूल येणार आहे तिला त्याच काळात देणगी देऊ नका. ठरलेल्या फीपलीकडे संस्थेनं भावी पालकांकडून काही घ्यायचं नसतं.

नेरुळ_मंडळी_सचिव
खूप आभार. फोटोंचा विचार सोडला. फॉस्टर केअर म्हणजे दत्तकाची पहिली पायरी असं समजायचं का? आणि मूल घरी आल्यावर बाप्तिस्मा कधी द्यावा?

बालसंरक्षण_ठाणे
नाही, तसं समजून कुणाला पुढे आणू नका. फॉस्टर केअरमध्ये मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानं येतं आणि परिस्थिती सुधारली तर आईवडिलांकडे परतही जाऊ शकतं. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं एकाच घरात राहिलेलं मूल, कायद्यानं दत्तकास मुक्त (दत्तक देता येईल असं समितीनं जाहीर केलेलं) असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकतात. पुरुषाला मात्र मुलगाच. मंडळीतल्या निवृत्त न झालेल्या एकट्या शिक्षिका, परिचारिका यांचा विचार जरूर करा. फॉस्टर काळात बाप्तिस्मा नको, मुलाचा धर्म आणि नाव बदलायचा अधिकार तुम्हाला नसतो. दत्तक आदेशानंतर ते तुमचं मूल, मग ठरवा.

संडे_स्कूल_घणसोली
मूल घरी आल्यावरचं थोडं. पहिले काही आठवडे भेटायला झुंबड नको. जेवू घालणं, कुशीत घेणं आईवडिलांनीच करावं, तेव्हा कुठे मुलाला कळतं आपलं माणूस कोण. महिला संघानं डबा दारात द्यावा आणि परतावं. मोठं मूल खाऊ उशीखाली लपवत असेल तर ओरडू नये, उपासमार पाहिलेली मुलं असं करतात. पोळी-फळं त्याच्या हाताला लागतील अशी ठेवावीत.

शिक्षकांना सांगा, बायबलमधल्या, आईनं टोपलीत ठेवून नदीत सोडलेल्या मोशेचा धडा घेताना त्या मुलाकडे बोट दाखवू नका. वंशवेल काढायला लावू नका. आणि साक्षीच्या वेळी, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगताना, "आम्ही याला वाचवलं" हे वाक्य कुणी म्हणणार असेल तर पाळकांनी आधीच थांबवावं, मूल ऐकत असतं.

दहा नावं आली तर बहुतेक जणांना मदतनीस म्हणून नेमा: एक घर शाळेतून आणायला, एक घर दवाखान्यासोबत, एक घर शनिवारी दोन तास मूल सांभाळायला. बाहेरच्यानं नियमित सांभाळायचं तर आधी बाल संरक्षण कक्षाला विचारून घ्या, फॉस्टर मुलासाठी तर नक्कीच.