जुन्या लॅपटॉपचा होम सर्व्हर: डेबियन, उबुंटू की ट्रूनॅस?

प्रश्न:
८ जीबी रॅम आणि १ टीबीची एकच डिस्क असलेला लॅपटॉप आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून ते पुसून फोटोंसाठी इमिच आणि सिनेमांसाठी जेलीफिन चालवायचं आहे. लिनक्स नवीन आहे. बाहेरगावाहूनही फोटो दिसावेत, पण मशीन इंटरनेटवर उघडं पडू नये. कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) घ्यावी?

उत्तर १:
ट्रूनॅस (फाइल साठवण्यासाठी बनवलेली ओएस) सोडा. ते ज्या डिस्कवर बसतं ती डेटासाठी वापरता येत नाही, आणि तुमच्याकडे डिस्क एकच आहे. डेबियन १३ (उबुंटूसारखंच एक लिनक्स) घ्या: तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, पुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट). इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड रिकामा ठेवा, म्हणजे तुमच्या युजरला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) आपोआप मिळतं. सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करण्याची सोय) लावा. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगाइंड या सिस्टिम सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये हँडललिडस्विच 'इग्नोर' करा.

उत्तर २:
वरच्याशी सहमत. पुढचं काम एसएसएचचं. ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) बनवून सर्व्हरवर टाका, तिने लॉगिन होतंय हे तपासा, मगच पासवर्ड लॉगिन बंद करा. चालू सेशन मिटवू नका, दुसऱ्या खिडकीतून जमतंय का ते आधी बघा. उबुंटू घेतलंत तर एक खाचखळगा आहे: क्लाउड-इनिट या सुरुवातीची सेटिंग करणाऱ्या प्रोग्रॅमची वेगळी फाइल कधी कधी पासवर्ड लॉगिन चालू ठेवते. एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्रॅम) पहिली सापडलेली किंमत धरतो आणि ती फाइल आधी वाचली जाते, त्यामुळे मुख्य फाइलमधला तुमचा बदल वाया जातो.

अनअटेंडेड-अपग्रेड्सही (आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम) चालू करा. मात्र ते मूळ सेटिंगमध्ये मशीन रीबूट करत नाही, म्हणून नवीन कर्नल (ओएसचा गाभा) आला की रीबूट तुम्हीच करायचं. डॉकर कंटेनरही (डॉकरमध्ये ॲप ज्या वेगळ्या डब्यांत चालतात ते) ते अपडेट करत नाही.

उत्तर ३:
इमिच डॉकरवर चालतं, म्हणून हे नीट वाचा. डॉकरने उघडलेले पोर्ट (नेटवर्कवरचे दरवाजे) यूएफडब्ल्यूला (लिनक्सवरच्या फायरवॉलला) वळसा घालून जातात. तिथे 'डिनाय' लिहूनही ते उघडेच राहतात. त्यामुळे खरी भिंत राउटरवर हवी. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने आत पाठवणं) करू नका, यूपीएनपी (ॲपना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे इंटरनेट पत्ते) ची फायरवॉल चालू आहे ना ते बघा. नंतर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता आणि पोर्ट उघडून पाहा. काही दिसलं तर राउटरमध्ये भोक आहे.

बाहेरून यायला टेलस्केल (तुमच्या उपकरणांना जोडणारं खासगी नेटवर्क) वापरा. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते त्या व्यवस्थेमागे) आहात. तिथे आयपीव्ही४ चं पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, टेलस्केल चालतं.

आणि फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच. सोबत इमिचच्या डेटाबेसचा डंपही (पूर्ण प्रत) घ्या, नाहीतर फोटो राहतील पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं जातील.