मदत हवी आहे: पार्किन्सन्समधला रॅबचा स्विच, गेन ऑफ फंक्शन की लॉस?

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला पार्किन्सन्स आणि रॅब प्रोटीन्स (पेशीतली ने-आण सांभाळणारी) हा विषय घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीये, ग्रुपवर कुणी सेल बायोलॉजीवालं असेल तर प्लीज बघा. बेसिक क्लिअर आहे, रॅबला जीटीपी हा छोटा रेणू चिकटला की स्विच ऑन, त्याचं जीडीपी झालं की ऑफ, मग जीडीआय नावाचं प्रोटीन त्याला मेम्ब्रेनवरून उचलून सायटोसोलमध्ये नेतं. आता एलआरआरके२ हे कायनेज (याच्यातल्या म्युटेशन्समुळे पार्किन्सन्स होऊ शकतो, त्यात जी२०१९एस सगळ्यात जास्त सापडतं) रॅब८, रॅब१० वगैरेंना फॉस्फेट लावतं, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं, आणि लावतं तेही नेमकं स्विच-२ वर (ऑन-ऑफ होताना आकार बदलणारा रॅबचा भाग), रॅब१० मध्ये ७३ नंबरच्या थ्रिओनिन या अमिनो ॲसिडवर. मग जीडीआयला ते धरता येत नाही आणि रॅब मेम्ब्रेनवरच साचत जातं.

इथपर्यंत ठीक. पण रॅबचे नेहमीचे काही पार्टनर प्रोटीन्स सुटतात आणि आरआयएलपीएल१ सारखे नवे येऊन चिकटतात, त्यात पेशीची सिलिया (केसासारखी अँटेना) बनायची अडते, मग याला गेन (नवं काम मिळालं) म्हणायचं की लॉस (जुनं काम गेलं)? मॅडम म्हणतात स्लाइडवर एकच लिही, मला तर दोन्ही वाटतं.

शिवाय पीपीएम१एच हे फॉस्फेटेज तो फॉस्फेट काढतं, त्यावर एखादा सोपा रिव्ह्यू आहे का कुणाकडे? लेक्चरची लिंकही चालेल, फक्त अल्फा-सिन्युक्लिनवाले (पार्किन्सन्समध्ये साचणारं दुसरं प्रोटीन) नकोत, ते ढिगाने आहेत. गुरुवारच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल.