मदत हवी आहे : काकांसाठी कॅमेऱ्याचा चष्मा

नमस्कार मंडळी. माझ्या काकांना रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार) आहे, आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. पांढऱ्या काठीवर ते सगळीकडे फिरतात, पण काठीला जमिनीवरचंच कळतं. अर्धवट ओढलेलं शटर, टेम्पोबाहेर आलेल्या सळया थेट कपाळाला! त्यासाठी आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन बघतोय. ती अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा हेरून मुठीत थरथरते म्हणे.

खरा प्रश्न वाचनाचा. समोरचा मजकूर बोलून दाखवणारे, ऑरकॅमसारखे चष्म्याला लावायचे कॅमेरे किंवा एन्व्हिजनसारखे कॅमेऱ्याचे चष्मे मराठी पेपर, एसटीची पाटी, बसवरचे देवनागरी आकडे नीट वाचतात का? नेटशिवाय चालतात का? किंमत ऐकून घाम फुटतो. कुणी रोज वापरत असेल तर सांगा. पुण्यात हाताळून बघायला कुठे मिळेल?