पहिल्यांदाच स्की शिकायचे आहे : गुलमर्ग, औली की सोलंग?

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो आणि भाड्याने गाड्या देण्याचा व्यवसाय करतो. डिसेंबरात सुवर्णसौधमधील विधिमंडळाचे अधिवेशन संपेपर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. त्यानंतर धंदा जरा सैल पडतो, म्हणून जानेवारीच्या अखेरीपासून पुढचे दहा दिवस बर्फात घालवायचे असे घरात ठरले आहे. मी, पत्नी, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि माझा मेहुणा असे आम्ही पाच जण आहोत. आमच्यापैकी कोणीही बर्फ डोळ्यांनी पाहिलेला नाही. आंबोलीचे धुके आणि जांबोटीकडची पहाटेची थंडी, एवढाच आमचा अनुभव. मुलांना मात्र बर्फात नुसते लोळायचे नसून स्की शिकायचे आहे, आणि त्यासाठी ती वर्षभर मागे लागली आहेत.

मी कागदावर असा आराखडा केला आहे : पहिले तीन दिवस गुलमर्ग, मग दोन दिवस उत्तराखंडात जोशीमठच्या वर असलेले औली, शेवटी मनालीजवळचे सोलंग, आणि परत येताना जमल्यास शिमल्याजवळचे नारकंडा. तिन्ही प्रदेश एकाच फेरीत पाहून होतील असे वाटते. हा क्रम योग्य आहे का, आणि एखादे ठिकाण गाळायचे झाल्यास कोणते गाळावे, हे जाणकारांनी सांगावे.

निपाणीची लेक

दादा, आपण गाड्यांच्या व्यवसायात आहात हे आपण सांगितले नसते तरी आराखड्यावरून कळले असते. नकाशावर ही ठिकाणे शेजारी दिसतात, पण ऋषिकेशहून जोशीमठ हा सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता हिवाळ्यात अख्खा दिवस खातो, तितकाच वेळ खाली उतरायला लागतो, आणि तेथून मनाली गाठायची म्हणजे आणखी एक दिवस आणि एक रात्र. दहा दिवसांपैकी निम्मे दिवस आपण गाडीच्या काचेतून बर्फ पाहाल आणि मुलांच्या पायांत स्की जेमतेम तीन वेळा चढेल. स्की शिकताना पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा उठण्यात, आणि तिसऱ्या दिवशी कोठे थोडे घसरता येऊ लागते. नेमक्या त्या वेळी आपण सामान बांधत असाल.

औलीविषयी मी अनुभवाने लिहिते. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीच्या भरवशावर आम्ही नाताळात तेथे गेलो होतो. उतारावर पिवळे पडलेले गवत होते, आणि स्की भाड्याने देणारा माणूस खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. समोर नंदादेवी, ७८१६ मीटर उंचीची, स्वच्छ दिसत होती, त्यामुळे सासूबाईंचे पैसे वसूल झाले. मुलाचे झाले नाहीत. पुढे एका फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो आणि गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा स्की अभ्यासक्रम केला, तेव्हा मात्र गुडघाभर बर्फ होता आणि मुलगा पाचव्या दिवशी वरून खालपर्यंत एकटा उतरला. औलीचे उतार सुमारे २५०० ते ३००० मीटर उंचीवर आहेत, ते रुंद आणि मोकळे आहेत, आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा तेथे झाल्या होत्या. नवशिक्यासाठी जागा उत्तमच आहे, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यापासून तेथून वर जाणारा रोपवे बंद पडला, त्यामुळे आता रस्त्यानेच चढावे लागते आणि ताजा बर्फ पडला की गाड्या अडकतात. दोन दिवसांसाठी औलीला जाण्यात अर्थ नाही. जायचे तर आठवड्यासाठी जावे.

माजी जवान, बेळगुंदी

मराठा लाइट इन्फंट्रीतील नोकरीत मी गुलमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी कोर्स केला आहे. त्या शाळेचे मूळ म्हणजे १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्या यांनी आपल्या डिव्हिजनसाठी सुरू केलेली स्की शाळा. थिमय्या आपल्याच राज्याच्या कोडगूचे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि गुलमर्गचे पठार सुमारे २६५० मीटरवर. गंडोला म्हणजे तेथील रोपवे दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा तीन हजार मीटरच्या थोडा वर असलेल्या कोंगडोरीपर्यंत जातो, आणि दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरपर्यंत. बहुतेक पर्यटकांना वाटते की दुसऱ्या टप्प्यावर गेल्याशिवाय गुलमर्ग पाहिल्यासारखे होत नाही. नवशिक्याने स्की घेऊन तेथे जाऊच नये, कारण वरचा उतार यंत्राने सपाट केलेला नसतो. बर्फ जसा पडेल तसा असतो, आणि त्याचे थर एकमेकांना नीट चिकटलेले नसले की एका माणसाच्या वजनानेही अख्खा उतार सुटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर दोन पोलिश स्कीपटू असेच गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच डोंगरावर एका रशियनाचा मृत्यू झाला. ही माणसे अडाणी नव्हती. गस्तीच्या माणसाने दोरी बांधून उतार बंद केला असेल, तर कोणी कितीही पुढे बोलावले तरी दोरी ओलांडू नये.

आपल्या मुलांची शाळा खालीच भरेल. गुलमर्गच्या गोल्फ मैदानाच्या बाजूचे सौम्य उतार नवशिक्यांसाठीच आहेत. पहिल्या दिवशी प्रशिक्षक एकाच पायात स्की घालून चालायला लावतो, मग पडायला शिकवतो, आणि मग दोन्ही स्कींची टोके पुढे जवळ आणून मागचे भाग फाकवायला सांगतो, म्हणजे वेग आपोआप मरतो. इंग्रजीत त्याला बर्फाचा नांगर म्हणतात, हल्लीचे प्रशिक्षक मुलांना ‘पिझ्झा बनाओ’ म्हणतात. आमच्या तुकडीतल्या खानापूरच्या पोरांना नांगर म्हटल्याबरोबर समजले होते. फाळ जास्त दाबला की बैल थांबतो, तसेच ते आहे.

बुटांकडे लक्ष द्यावे, कारण स्कीच्या पहिल्या सहलीचा विचका बहुधा बुटांमुळेच होतो. थंडी वाजते म्हणून लोक दोन-दोन मोजे चढवतात, बूट सैल हवा म्हणून एक माप मोठे घेतात, आणि मग पाय आत हलत राहतो, स्की ऐकत नाही, आणि संध्याकाळी नडगीला भोपळ्याएवढी सूज येते. एकच लांब मोजा घालावा आणि त्याची घडी बुटात राहू देऊ नये. टाच मागे ठोकून आधी घोट्याजवळची बकले लावावीत, मग उभे राहून गुडघे पुढे वाकवावेत. नडगी बुटाच्या जिभेला टेकली आणि टाच उचलली गेली नाही, तर माप बरोबर आहे. बोटे टोकाला जेमतेम लागत असतील तर घाबरू नये, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकतात. भाड्याच्या दुकानात गर्दी असली तरी या कामाला पाचही जणांनी एक तास द्यावा.

टिळकवाडीकर

काका, आपण फार तपशिलाने लिहिलेत, आभारी आहे. औली या खेपेला गाळतो, हे ताईंचे म्हणणे पटले. पण मेहुण्याचा आग्रह असा की सोलंग सोपे आहे, अटल बोगद्यामुळे लाहौलमधील सिस्सूही पाहता येते, आणि गुलमर्गच्या भानगडीत न पडता मनालीतच सहा दिवस काढावेत.

निपाणीची लेक

मेहुण्यांना बर्फ पाहायचा आहे की स्की शिकायची आहे, हे आधी त्यांना विचारावे. पाहायचाच असेल तर त्यांचे म्हणणे खरे आहे. ९.०२ किलोमीटरचा तो बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पलीकडचा बर्फ सहज हाताशी आला आहे. मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याकडेच्या क्रमांक लिहिलेल्या दुकानांतून भाड्याचे लांब कोट मिळतात, ते घालून छायाचित्रेही छान येतात. पण सोलंगचा सुट्टीच्या दिवसांतला उतार म्हणजे शनिवारचा खडे बाजार. स्की, स्लेज, बर्फावरची स्कूटर आणि घोडे सगळे एकाच पट्ट्यात चालते, आणि सहावीतल्या मुलीला तेथे वळण घ्यायला शिकवणे मला तरी जिवावर येईल. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे स्की अभ्यासक्रम चांगले आहेत, पण पायाभूत अभ्यासक्रमच चौदा दिवसांचा असतो आणि तो कुटुंबाच्या सहलीत बसत नाही. नारकंडा शांत आणि लहान आहे, बर्फ असला तर गोड आहे, पण त्याच्या भरवशावर बेळगावहून निघू नये.

शहापूरचा, सध्या पुणे

थोडे वेगळे सुचवतो. गेल्या वर्षी आम्ही चौघे मित्र कझाकस्तानातील अल्माटीला गेलो होतो. दिल्लीहून थेट विमान आहे आणि भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शहराबाहेर मेदेऊ हे १६९१ मीटर उंचीवरचे बर्फावर स्केटिंग करण्याचे प्रसिद्ध मैदान आहे, आणि तेथून सरळ केबल कार शिंबुलाक या स्कीच्या ठिकाणी जाते. तेथील उतार साधारण २२६० मीटरपासून सुरू होऊन ३२०० मीटरच्या जवळ जातात. उतार रोज रात्री यंत्राने दाबून सारखे करतात, बर्फ कमी पडला तर यंत्राने तयार करतात, आणि अवघड उतार रंगाने वेगळे दाखवलेले असतात, त्यामुळे नवशिक्या चुकून भलतीकडे जात नाही. मुक्काम शहरात करता येतो, ही महिलांसाठी मोठी सोय आहे. खर्च हिशोबाला काश्मीरच्या दीडपट पडला, पण एकही दिवस वाया गेला नाही.

माजी जवान, बेळगुंदी

शहापूरच्या दादांचे म्हणणे खोटे नाही. बर्फाची हमी हा आपल्याकडचा खरा दुबळेपणा आहे. आपला हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी प्रक्षोभांवर, म्हणजे हिवाळी वादळांवर, अवलंबून असतो. ते आले नाहीत तर गुलमर्गसुद्धा कोरडे राहते. जानेवारी २०२४ चे बहुतेक दिवस तेथे बर्फच नव्हता, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून माझे मत असे की जानेवारीच्या अखेरीऐवजी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघावे. काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलां म्हणतात ते कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीअखेर संपतात. त्यानंतर थर बसलेला असतो, आणि थंडीही लहान मुलांना सोसवेल इतकी उतरलेली असते.

तरीही पहिली खेप गुलमर्गचीच करावी, असे मी भाषेमुळे म्हणतो. घाबरलेल्या मुलाला पायाखालचा उतार सुटत असताना हिंदीत ओरडून सांगितलेले लगेच समजते. परक्या भाषेत सांगितलेले समजेपर्यंत ते पडलेले असते. शिंबुलाक पुढच्या वर्षी, मुलांना वळता येऊ लागल्यावर.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे वाचून घरात काल रात्री पुन्हा बैठक झाली. एकच ठिकाण, गुलमर्ग, सात रात्री, ४ फेब्रुवारीला निघायचे, असे ठरले. मेहुणा सुरुवातीला रुसला, पण कोंगडोरीपर्यंत गंडोलाने नेण्याचे कबूल केल्यावर तयार झाला. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. सांब्र्याहून दिल्लीचे विमान महाग पडत आहे, तर गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री काढून दिल्लीला जाणे आणि पुढे विमान घेणे शहाणपणाचे आहे का? आणि पत्नीला स्की करायची नाही, गुडघे दुखतात; तिने दिवसभर काय करावे?

निपाणीची लेक

जाताना रेल्वे चालेल, पण दिल्लीत गाडी आणि विमान यांच्यात निदान अर्धा दिवस मोकळा ठेवावा. हिवाळ्यात धुक्यामुळे उत्तरेकडे गाड्या रखडतात आणि श्रीनगरची विमानेही. विमान रद्दच झाले तर जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली आहे, तोही मार्ग लक्षात असू द्यावा. येताना मात्र विमानच घ्यावे, कारण सात दिवस पडून-उठून अंग ठेचल्यावर दोन रात्रींचा बर्थ नको होतो.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे आणि शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासून चढाचे. तेथे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतच बसावे लागते. दादा, आपण स्वतः चालक असलात तरी त्या रस्त्यावर हात शिवशिवू देऊ नयेत. आपल्याकडचे प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही, म्हणून घरातल्या एकाचे तरी पोस्टपेड करून घ्यावे. विमा काढताना स्कीच्या अपघाताचा समावेश आहे का, हे नीट वाचून पाहावे. साध्या प्रवासविम्यात बहुधा तो नसतो.

वहिनींसाठी वॉटरप्रूफ बूट, जाड लोकर आणि काळा गॉगल एवढे आवर्जून घ्यावे. गॉगल शोभेसाठी नाही; बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने डोळे इतके भाजतात की रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. जीन्स कोणीही नेऊ नये, ती ओली झाली की वाळत नाही. वहिनींनी सकाळी उताराच्या कडेला खुर्ची मागून बसावे आणि मुलांचे पडणे मोबाइलवर टिपावे. मी तेच केले होते, आणि आमच्या घरात ती चित्रफीत मुलापेक्षा जास्त वेळा पाहिली जाते.

माजी जवान, बेळगुंदी

निघण्यापूर्वी एक महिना पाचही जणांनी रोज येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढ-उतार करावी, आणि त्यात उतरताना गुडघे किंचित वाकवून हळूहळू उतरावे. मांड्या ज्या जागी भरून येतील, त्याच जागा गुलमर्गला पहिल्या दिवशी दुखतात.